आधी पाय तपासा!

मुंबई हायमधून अधिक तेल काढण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला हाताशी धरले. दहा वर्षांत तेल-वायूचे उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढेल, असा गाजावाजा झाला. ज्या प्लॅटफॉर्मवर हा भार पडणार, त्यांच्या पायांविषयी मात्र चकार शब्द नाही. ही बेफिकिरी अक्षम्य आहे.

मुंबई हायमध्ये तेल उत्पादन सुरू झाले १९७६ मध्ये. असे प्लॅटफॉर्म साधारण २५ वर्षांच्या हिशेबाने बांधले जातात. इथल्या अनेकांनी चाळिशी ओलांडली आहे. वय झाले म्हणून मोडीत काढा, असे आमचे म्हणणे नाही. पण खारे पाणी पोलाद खाते आणि प्रत्येक पावसाळा सांध्यांवर घाव घालतो. पाणबुड्याने शेवाळ-शिंपले खरवडून जोड उघडा केल्याशिवाय तिथली केसाएवढी भेग दिसत नाही. अशाच भेगेने १९८० मध्ये उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ या प्लॅटफॉर्मचा पाय तुटला आणि १२३ जणांचा बळी गेला. चौकशीत त्या भेगेत रंग सापडला. म्हणजे रंगकाम झाले तेव्हाही ती होती. पाहिली कोणीच नाही.

मुंबईत ३० वर्षांच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. म्हाडा दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. मग समुद्रातल्या या पोलादी इमारतींची यादी कुठे आहे? तपासण्या होतात, असे सांगितले जाईल. पण सुरक्षेवर देखरेख ठेवणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय (ओआयएसडी) पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आणि उत्पादन वाढवा म्हणणारेही तेच मंत्रालय! ब्रिटनच्या ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्मवर १९८८ मध्ये १६७ जण मेल्यावर त्या देशाने सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवले. आपण २००५ मध्ये जहाजाच्या धडकेने पेटलेला मुंबई हायचा बीएचएन प्लॅटफॉर्म आणि २२ माणसे गमावली. २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ तराफा बुडून ७० हून अधिक कामगार गेले. त्यातले बहुतेक कंत्राटी. तरीही देखरेख मंत्रालयाच्याच घरात राहिली.

उत्पादन मागणाऱ्यानेच पाय तपासायचे, हे चालणार नाही. प्रत्येक जुन्या प्लॅटफॉर्मचे ऑडिट मंत्रालयाबाहेरच्या तज्ज्ञांनी करावे आणि अहवाल संसदेपुढे ठेवावा. तोवर उत्पादनवाढ थांबवा. तेल कुठे पळून जात नाही. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.