रुग्णशय्येजवळची पाठशाळा

नाताळचा सप्ताह म्हणजे मंडळीच्या पाळकाला श्वास घेण्याचीही उसंत नसलेला काळ. उपासना, गायनाच्या फेऱ्या, मुलांची नाटुकली, घरोघरचे फराळ आणि प्रत्येक घरी करावयाची प्रार्थना. परंतु याच सप्ताहात त्याच्याकडे आणखी एक काम असते आणि त्याचा उल्लेख कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नसतो. मंडळीतील कोणी ना कोणी इस्पितळात पडलेले असते. पाळक तेथे जातो, पवित्र शास्त्रातील एखादा भाग वाचतो, प्रार्थना करतो आणि पुढच्या कार्यक्रमासाठी निघतो. त्या दहा मिनिटांच्या भेटीविषयी आज आम्हांला काही लिहावयाचे आहे.

पाळक होऊ इच्छिणारा तरुण ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात काही वर्षे काढतो. तो शास्त्राचा अर्थ लावावयास शिकतो, मंडळीचा इतिहास वाचतो, उपदेश कसा बांधावा याचे धडे घेतो. मात्र ज्या स्त्रीचे मूल काल दगावले तिच्यासमोर कसे बसावे, हे त्याने कोठे शिकावे? बहुधा ते त्याच्या स्वभावावरच सोपविलेले असते. स्वभाव मुळात हळुवार असला तर निभावते. नसला तर ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द उच्चारून तो मोकळा होतो, आणि ती माता आपल्या दुःखावर देवाच्या रोषाचे ओझे घेऊन उरलेले आयुष्य कंठते. पाळकाच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. पण हेतू शुद्ध असल्याने जखम होत नाही, असे थोडेच आहे?

जुन्या करारातील ईयोबाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोवर ते खरोखरीचे मित्र होते. त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे सांगावयास आरंभ केला, तेव्हा ते त्याला व्याधीहूनही जड झाले.

ही उणीव पहिल्यांदा ठळकपणे दाखविली ती एका डॉक्टराने. बोस्टनचे डॉ. रिचर्ड कॅबट हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील नामांकित वैद्य. रुग्णालयात समाजसेविका हवी हा विचार त्यांनी १९०५ मध्येच प्रत्यक्षात आणला होता. १९२५ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जसे रुग्णांच्या खाटांजवळ उभे राहून शिकावे लागते, तसेच एक वर्ष धर्मसेवेच्या विद्यार्थ्यालाही मिळावे. त्याच उन्हाळ्यात अँटन बॉयसन या पाळकाने वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात ही कल्पना प्रत्यक्ष राबविली.

बॉयसन यांचे चरित्र सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. १९२० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे मन असे विस्कटले की त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. सव्वा वर्षाच्या सुमारास ते बाहेर आले, ते एक निश्चय घेऊनच. आपल्याला जे झाले त्यात देवाचा शोधही होता, आणि तो ओळखणारा कोणी धर्मसेवक आपल्या खाटेजवळ आला नाही, हे शल्य त्यांनी उराशी बाळगले. १९२४ मध्ये ते वुस्टरला, ज्या जातीच्या इस्पितळात स्वतः कोंडले गेले होते तशाच इस्पितळात, पाळक म्हणून रुजू झाले. दुसऱ्या वर्षी त्यांनी चार विद्यार्थी बोलावले. हे विद्यार्थी दिवसभर वॉर्डात सेवकाचे काम करीत आणि सायंकाळी बॉयसन यांच्याबरोबर रुग्णांच्या जीवनकथांवर चर्चा करीत. दुःखी मनुष्य हाही एक ग्रंथच आहे, आणि तो छापील ग्रंथाइतक्याच काळजीने वाचला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९३० मध्ये त्यांचे मन पुन्हा एकदा ढळले, ते पुन्हा सावरले आणि काम सोडले नाही. १९६५ मध्ये ते निवर्तले. कॅबट यांना मनोविकारांविषयीची त्यांची मते मुळीच मान्य नव्हती. दोघांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. पण त्यांनी लावलेले रोप मात्र वाढले.

या शिक्षणाचा गाभा एका साध्या युक्तीत आहे. रसेल डिक्स हे मॅसॅच्युसेट्स जनरलमधील पाळक रुग्णाशी झालेले संभाषण नंतर आठवून लिहून काढीत. त्यातूनच शब्दशः वृत्तांताची रीत रूढ झाली. विद्यार्थी भेटीहून परततो आणि रुग्ण काय बोलला, आपण काय बोललो, कोठे दोघेही गप्प झालो, हे सारे कागदावर उतरवितो. तो कागद मग सहाध्यायी आणि मार्गदर्शक यांच्यासमोर वाचला जातो. समजा, रुग्णाने म्हटले, ‘रात्र सरता सरत नाही हो.’ आणि विद्यार्थी उत्तरला, ‘सर्व ठीक होईल, आपण प्रार्थना करू या.’ मार्गदर्शक शांतपणे विचारतो : ती प्रार्थना कोणाला हवी होती? त्याला, की तुम्हांला? त्या रात्रीत काय होते, हे ऐकण्याचे भय तुम्हांला वाटले काय? हा प्रश्न ज्याला एकदा नीट लागला, तो पुढे कोणत्याही खाटेजवळ प्रार्थनेची घाई करणार नाही, असा आमचा समज आहे. अमेरिकेत आज अशा एका सत्राला किमान ४०० तास द्यावे लागतात, आणि रुग्णालयात प्रमाणित पाळक म्हणून उभे राहण्यासाठी बहुधा चार सत्रे.

ऐकण्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. १९६५ मध्ये शिकागोतील धर्मविद्येचे चार विद्यार्थी मानवी जीवनातील संकटांचा अभ्यास करण्यासाठी डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्याकडे मदत मागावयास गेले. मरणासन्न माणसांशीच बोलावे, असे ठरले. परंतु त्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करता, आपल्या वॉर्डात कोणी मरणासन्न आहे हेच डॉक्टर कबूल करीनात! रुग्णांना मात्र बोलावयाचे होते. त्या संभाषणांतून १९६९ चे त्यांचे मृत्यूविषयीचे गाजलेले पुस्तक जन्मले.

प्रार्थनेत सामर्थ्य असता मानसशास्त्राची ही उसनवारी कशाला, असा आक्षेप आमच्या मंडळ्यांतून निघेल. आम्ही तो हलका लेखीत नाही. नुसतेच शास्त्रीय शब्द घोकून आलेला आणि देवाचे नाव घेण्यास संकोचणारा पाळक कोणालाच नको आहे. पण शेतकरी पावसासाठी प्रार्थना करतो म्हणून नांगर धरावयास शिकत नाही काय?

दुसरी शंका आमच्या हिंदू व मुसलमान वाचकांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. असहाय रुग्णाच्या उशाशी बसून कोणी धर्मप्रसार तर करणार नाही ना? वस्तुतः या शिक्षणाने त्याला आळाच बसतो. पाळकाने आपला संदेश घेऊन न जाता रुग्णाची व्यथा ऐकण्यासाठी जावे, हाच त्याचा पहिला पाठ. परदेशात ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या पंगतीला यहुदी, मुसलमान आणि बौद्ध विद्यार्थीही हे शिक्षण घेतात, ते उगाच नव्हे.

आपल्या देशात वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे शिक्षण मिळते. महाराष्ट्राचे काय? येथे रुग्णसेवेची परंपरा लहान नाही. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभारले. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले, आणि ज्यांच्या कर्करोगावर उपाय उरलेला नाही अशा सर्व धर्मांच्या रुग्णांना तेथे आसरा मिळाला. परळच्या टाटा रुग्णालयाभोवती गावोगावाहून आलेली कुटुंबे पदपथावर दिवस काढतात, हे तर प्रत्येक मुंबईकराने पाहिले आहे. आणि २०२० व २०२१ ची ती वर्षे! घरच्या माणसाचा हात हाती न घेताच किती जण गेले. उरलेल्यांच्या मनात जे राहून गेले, ते ऐकून घेण्याची शिकवण आमच्या किती पाळकांना होती?

अडचण पैशाची आहे, हे आम्ही जाणतो. खेड्यातील मंडळी पाळकाचे मासिक वेतनच कसेबसे जमविते. तिने त्याला तीन महिने परगावी कसे धाडावे? म्हणून हा भार तिच्यावर टाकू नये. पाळकपदाची दीक्षा देण्यापूर्वीच, उमेदवार महाविद्यालयात असतानाच, ही तीन महिन्यांची पाठशाळा पुरी व्हावी आणि तिचा खर्च धर्मप्रांतांनी उचलावा. जे आज सेवेत आहेत त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन, वृत्तांत लिहून, महिन्यातून एकदा चार-पाच पाळकांनी एकत्र बसून ते वाचण्याची सोय करता येईल. त्याला इमारत लागत नाही. लागतो तो एक जाणता मार्गदर्शक. असे दोन-तीन मार्गदर्शक घडविण्यासाठी या वर्षी कोणाला वेलूरला पाठवावयाचे, एवढा विषय तरी नाताळानंतरच्या पहिल्या बैठकीत धर्मप्रांतांच्या समित्यांनी पटलावर घ्यावा, अशी आमची विनंती आहे.