आधी ग्रुपिंग, मग पाना

मुन्शी घाटावर नावेत बसलं की नाववाला वल्ह्याला हात लावायच्या आधी माणसं हलवतो. "बाबूजी, आप बीच में. भाभीजी, आप उस तरफ." गेल्या रविवारी आम्ही सहा जण होतो. त्यात वजनदार मी एकटाच, म्हणून मला त्याने दोनदा उठवून बसवलं. तिसऱ्यांदा मनासारखं झालं, तेव्हा कुठे नाव सुटली.

नाव काठापासून हात-दोन हात गेली असेल, तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापूरहून भाचा. "मामा, गाडी वळतच नाही. चेसी गेलीय. तुम्ही पप्पांना सांगा ना, नवीन घेऊया म्हणून."

भाचा सतरा वर्षांचा. कार्ट चालवतो. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक असल्यामुळे तिकडच्या पोरांना हे वेड लवकर लागतं. खेळ स्वस्त नाही. दाजींनी पहिली गाडी घेतली तेव्हा एका हंगामाचं उसाचं बिल त्यात गेलं होतं. आता नव्या चेसीसाठी ताईच्या पाटल्या तारण ठेवायची भाषा चालू आहे. आणि मी ईएमईचा माणूस, म्हणजे घरातला मोफत मेकॅनिक. मी "चेसी गेली" म्हटलं की पाटल्या गेल्या.

म्हणून माझं मत इथे लिहून ठेवतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा मुलगा-नातू या नादात असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

आधी गाडी समजून घ्या. कार्टला स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलला घट्ट बांधलेली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला पडतो, आतल्याला कमी. आपल्या बैलगाडीत ही अडचण येत नाही, कारण तिथे दोन्ही चाकं कण्यावर आपापली फिरतात. कार्टमध्ये ती सोय नाही, म्हणून वळताना आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटावं लागतं. सुटलं नाही तर गाडी तोंड फिरवत नाही, सरळच ढकलली जाते.

ते चाक उचलतं कोण? स्टिअरिंग. किंगपिन मुद्दाम कललेली असते. चाक फिरवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर येतं, फ्रेम पिळते आणि भार तिरका बाहेरच्या मागच्या चाकावर जातो. फ्रेम म्हणजे साधारण 30 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळ्या. स्प्रिंगचं काम त्याच करतात. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली, तेव्हापासून गाडी मुळात तशीच आहे.

बदललं ते पोरांचं बोलणं. रोटॅक्सच्या शर्यतीत 125 सीसीचं इंजिन सीलबंद असतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. मग मागे पडलं की दोष कुणाला द्यायचा? चेसीला.

आता त्या चेसीवर बसतो कोण ते बघा. चालकाचं वजन जवळजवळ कार्टइतकंच. म्हणजे जे वजन पिळायचं, उचलायचं, ढकलायचं, त्यातलं निम्मं सीटमध्ये आहे. म्हणून सगळ्या सेटिंगमध्ये मोठी सेटिंग सीटची. पुढे, मागे, वर, खाली, प्रत्येक सेंटिमीटर बोलतो. पावसात जाणकार मेकॅनिक सीट वर घेतात, पुढचा ट्रॅक रुंद करतात, कॅस्टर वाढवतात. निसरड्यावर पकड नसते, म्हणून भार मुद्दाम जास्त हलवायचा. कोरड्या, रबर बसलेल्या ट्रॅकवर तीच गाडी वळणावर उड्या मारेल.

मी भाच्याला गाडीचा बाजूने फोटो पाठवायला सांगितलं. वर्षभरात पोरगं चांगलं वीतभर वाढलंय. गुडघे स्टिअरिंगला लागायला लागले, म्हणून कुणीतरी सीट मागे सरकवून दिलेली. जुनी भोकं पुढे तशीच दिसत होती. पेडल पुढे घ्यायचे सोडून माणूसच मागे नेला. पुढची चाकं हलकी पडली, मग ती वळवणार काय?

चेसी कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. वेल्डला तडा जातो, कर्बवर घासून खालच्या नळ्या पातळ होतात, धडकेत फ्रेम वाकते. पण ते मोजून कळतं. सपाट जागी चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवा, डावं-उजवं ताडून बघा. "फील येत नाही" हे मोजमाप नव्हे.

आवडीनिवडीचं म्हणाल तर ती असतेच. एकाला मागून थोडी घसरणारी गाडी आवडते, दुसऱ्याला रुळावरून चालल्यासारखी. ॲक्सल कडक घ्यावा की मऊ, यावर दोन मेकॅनिक सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडतील. पण आवड सांगायचा हक्क कधी मिळतो? आपण रायफल झिरो करताना काय करत होतो ते आठवा. आधी पाच गोळ्यांचा ग्रुप. ग्रुप विखुरलेला असेल तर उस्ताद साइटला हात लावू देत नसत. ग्रुप घट्ट आणि एका बाजूला पडला, की मग साइट. शिवाय माझ्या डोळ्याला झिरो केलेली रायफल शेजारच्याच्या कामाची नव्हती. भाच्याने मात्र विजेत्याचं अख्खं सेटिंग वहीत उतरवून आणलंय. तो मुलगा याच्यापेक्षा बारा किलो हलका आहे!

हा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे दिवाण श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. उत्तरेला लागूनच अहिल्याबाई घाट. मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही, एवढंच. विषयांतर झालं.

परत येताना दोघे मध्येच उतरले. नाववाल्याने पुन्हा मला उठवलं. मी मुकाट्याने सरकलो.

दाजींना रात्री फोन करून सांगितलं, पाटल्या ताईच्या हातातच राहू द्या, निदान महिनाभर. सीट जुन्या भोकांवर, पेडल पुढे, टायरची हवा रोज एकाच गेजने, आणि एका वेळी एकच बदल. ताईने मागून विचारलं, "तिकडं जेवतोस का नीट?"

काल भाच्याने आठ लॅप्सची वेळ पाठवली. गाडी वळतेय म्हणाला. सगळ्यात चांगल्या आणि वाईट लॅपमध्ये पाऊण सेकंदाचा फरक होता. खाली त्याने विचारलं होतं, "मामा, आता ॲक्सल बदलूया का?"

मी लिहिलं, "ग्रुप मोठा आहे. पुन्हा मार."