भाराभर चिंध्यांची गोधडी

प्रयोगवही : दर रविवारी

‘तुमचा नेमका विषय कोणता?’ प्राध्यापकाच्या मुलाखतीत हा प्रश्न ठरलेला. दोन-तीन विषय सांगितले, की समोरच्यांच्या मनात म्हण उमटते: एक ना धड, भाराभर चिंध्या. मज्जासंस्थेचा अभ्यासक स्टीफन कफलर आपल्याकडे असता, तर त्याचं असंच झालं असतं.

जन्म हंगेरीतला, १९१३चा. व्हिएन्नात डॉक्टर झाला. १९३८मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला, तेव्हा हा निसटून सिडनीला पोहोचला. तिथे टेनिसच्या निमित्ताने मज्जाशास्त्रज्ञ जॉन एकल्सची गाठ पडली आणि बेडकाच्या एका मज्जातंतूची, एका स्नायूतंतूची बोलणी ऐकण्याचं काम मिळालं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या नेत्रसंस्थेत नोकरी लागली, तर गड्याने मांजराचा डोळा हाती घेतला.

सगळ्या डोळ्यावर उजेड ओतण्याऐवजी त्याने दृष्टिपटलावर उजेडाचा एवढासा ठिपका फिरवला. एका जागी ठिपका पडला की पेशी चेकाळे. शेजारच्या कड्यावर पडला की तीच गप्प. काही पेशींचं याच्या बरोब्बर उलट. १९५३ साली छापलेल्या या कामातून कळलं, की डोळा नुसता उजेड मोजत नाही, शेजाऱ्याशी तुलना करतो. म्हणून तर भर उन्हात या पानावरचं अक्षर घरातल्या कोऱ्या कागदाहून जास्त प्रकाश परतवतं, तरी काळंच दिसतं.

मग रसायनं. गाबा हे द्रव्य पेशीला थोपवतं, याची परीक्षा त्याने झिंग्याच्या जातीतल्या क्रेफिशवर केली. हार्वर्डमध्ये त्याने जीवरसायनवाल्या एडवर्ड क्राविट्झला सोबत घेतलं. लॉबस्टरच्या मज्जातंतूतून गाबा खरोखर बाहेर पडतं, हे तिथेच सिद्ध झालं. १९६६ साली तिथे उभ्या राहिलेल्या मज्जाजीवशास्त्र विभागात सुई टोचणारे आणि परीक्षानळी हलवणारे एकाच छपराखाली आले.

सिडनीतल्या सोबत्यांना, एकल्स आणि काट्झ यांना, नोबेल मिळालं. त्याच्याच प्रयोगशाळेत मांजराच्या मेंदूपर्यंत तो ठिपका नेणाऱ्या ह्यूबेल आणि वीझेल यांना ते १९८१मध्ये मिळालं. कफलर आदल्याच वर्षी गेला होता.

बेडूक, मांजर, क्रेफिश: चिंध्या खऱ्याच. पण प्रश्न एकच होता, एक पेशी दुसरीला ‘चल’ किंवा ‘थांब’ कसं सांगते? निवड समितीने चिंध्या जरूर मोजाव्यात. आधी दोरा तेवढा पाहावा.

– वहीकार