सेवेचा हिशेब



आशाताईंनी मोर्चा काढला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सेवेचं काम, त्यात पैसे कसले मागायचे?" मी कॉमर्सची. आधी हिशेब मांडते.

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पिणं, आईची तब्येत, सगळं बघते. २०११ साली ही योजना देशभर आली तेव्हा सहाही भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. एका भेटीचे पावणेबेचाळीससुद्धा नाहीत! आपल्या यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीकडच्या कोलाम पोडावर भर पावसाळ्यात चिखल तुडवत जायचं, ते त्यातच.

आणि काम किरकोळ आहे का? आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. देशाची योजना त्याच कामावरून उभी राहिली.

सेवा मोठीच. पण दान आपल्या वस्तूचं करायचं असतं. दुसरीच्या घामाचं दान केलं, तर पुण्य आपल्या खात्यात कसं जमा होणार? भेटीचा दर वाढवा, पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. 'सेवा' हा शब्द मग तिचा तिला वापरू द्या.