“लिनक्स चालत नाहीं !”



आपल्या गांवच्या किल्ल्याची रचना येथील लहानथोरांस ठाऊक आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानें तो इ. स. १५६८ च्या सुमारास बांधिला. तीन बाजूंस बालाघाटाच्या खोल दऱ्या, गांवाच्या बाजूस खंदक, आणि आंत जावयाचें तें याच बाजूच्या दरवाज्यानें. त्या दरवाज्याची किल्ली ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं किल्ला, हें समजावयास इतिहासाचें पुस्तक नको. आज ज्या घरांत ब्रॉडबँडची तार आली आहे, त्या घरासहि असाच एक दरवाजा बसला आहे. भिंतीवरील खिळ्यास टांगलेली, हिरवे दिवे लुकलुकविणारी राउटर नांवाची पेटी हाच तो दरवाजा होय. त्याची किल्ली घरधन्यापाशीं नसते, आणि ती आपल्यापाशीं असावी असें त्यास वाटतहि नाहीं, ही माझी तक्रार आहे.

तक्रारीचें निमित्त सांगतों. आमच्या एका विद्यार्थ्याचे आईबाप दरसालप्रमाणें ऊसतोडीस गेलेले. मुलगा आजीसह चुलत्यांच्या घरीं राहणारा. चुलत्यांनीं जुना संगणक स्वस्तांत मिळविला. त्यांतील विंडोज १० या प्रणालीचें नेहमींचें विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें होतें, आणि नवी ११ वी आवृत्ति त्या म्हाताऱ्या यंत्रास पेलेना. मुलानें स्वतः वाचून त्यावर लिनक्स बसविलें. पदरचा एक पैसाहि लागला नाहीं. पुढें तार जोडावयास माणूस आला. त्यानें पडद्याकडे एकवार पाहिलें, “यावर लिनक्स आहे, आमचें कनेक्शन लिनक्सवर चालत नाहीं. विंडोज टाका, मग बोलवा,” असें सांगितलें आणि तो चालता झाला. चुलते बिचारे बाजारांत जाऊन त्यासाठीं पैसे मोजावयास निघाले होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चार दिवसांवर येऊन ठेपली होती.

मी त्याच्या घरीं गेलों. अर्ध्या तासांत काम झालें, आणि त्यांत माझी हुषारी कांहींच नव्हती. राउटरपासून संगणकापर्यंत एक साधी ईथरनेटची तार लाविली. संगणकानें पत्ता मागितला, राउटरनें दिला. मग लिनक्सच्या काळ्या खिडकींत ‘आयपी रूट’ ही आज्ञा दिली, तेव्हां दरवाज्याचा आंतील पत्ता दिसला : १९२.१६८.१.१. (पुष्कळ घरीं हाच असतो, सर्वत्र नव्हे, म्हणून घोकूं नये, पाहावा.) हे आंकडे ब्राउझरच्या पत्त्याच्या जागीं लिहितांच राउटरचें पान उघडलें. पेटीच्या पाठीवरील चिठ्ठींत प्रवेशाचें नांव व परवलीचा शब्द होता. आंत जोडणीच्या सदरांत ‘पीपीपीओई’ हा प्रकार निवडला, पावतीवर लिहिलेलें ग्राहकनाम व त्याचा परवलीचा शब्द भरला, जतन केलें. मिनिटाभरांत दिवा स्थिर झाला.

आतां विचार करा. या सर्व व्यवहारांत संगणकावर कोणती प्रणाली आहे हें राउटरनें विचारिलें कोठें ? घरांतील यंत्रांस पत्ते वाटण्याची जी रीत, डीएचसीपी, ती १९९३ सालापासून छापील मसुद्यांत जगापुढें उघडी पडलेली आहे. पीपीपीओईची १९९९ पासून. पोस्टाची पेटी पत्र टाकणाऱ्याची जात विचारीत नाहीं, तशीच ही गोष्ट.

मग ही समजूत आली कोठून ? ती अगदींच निराधार नाहीं. २००५ सालीं आपल्या देशांत भारत संचार निगमचें ब्रॉडबँड सुरू झालें, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं मोडेम केवळ पुलासारखा असे आणि आंत जाण्याची सर्व खटपट संगणकासच करावी लागे. लिनक्सवर तीहि होत असे, पण आज्ञा माहीत असाव्या लागत. त्यांत मोडेम यूएसबीच्या तारेनें जोडला, तर त्यास लागणारी प्रणाली बहुधा विंडोजपुरतीच मिळे. तेव्हां “चालत नाहीं” या म्हणण्यास कांहीं अर्थ होता. पुढें राउटर स्वतःच जोडणी करूं लागला, कारण नाहींसें झालें, वाक्य मात्र राहिलें. एका शिपायानें दुसऱ्यास सांगितलें, दुसऱ्यानें तिसऱ्यास.

यांतील विनोद तर निराळाच आहे. भिंतीवरच्या त्या पेटींत पुष्कळदां लिनक्सच असतें ! १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभ केलेला हा ग्रंथ (मी त्यास ग्रंथच म्हणतों) आज असंख्य राउटरांच्या पोटांत आहे. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीनें डब्ल्यूआरटी५४जी नांवाचा राउटर बाजारांत आणिला. त्यांत लिनक्स आहे हें चाणाक्ष लोकांनीं हुडकून काढिलें. लिनक्सच्या परवान्याची अट अशी कीं, जो तें वांटील त्यानें त्याचा मूळ मजकूरहि द्यावा. कंपनीस २००३ सालीं तो द्यावा लागला, आणि त्यांतूनच २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी ही स्वतंत्र प्रणाली निघाली. ती घालून लोक आपल्या राउटरचा कारभार आपण पाहूं लागले. ज्या पेटीचें काळीज लिनक्सचें, तीच पेटी हातांत घेऊन “लिनक्स चालत नाहीं” म्हणणारा मनुष्य पाहिला म्हणजे हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं.

परंतु लिनक्स आहे म्हणून दरवाजा आपोआप सुरक्षित होतो, असें मात्र कोणी समजूं नये. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी प्रणालीनें कॅमेरे व घरगुती राउटर हजारोंनीं काबीज केले, तीं यंत्रें लिनक्सचींच होतीं. तिची युक्ति काय ? कारखान्यांत घातलेले साठाच्या आसपास ठरीव परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहणें, एवढीच. २०१७ च्या जुलैंत आपल्याच देशांत ब्रॉडबँडच्या मोडेमांवर असा हल्ला झाला, आणि ज्यांनीं ‘अ‍ॅडमिन’ हा मूळचा शब्द बदलला नव्हता त्यांना तो बाधला. खंदक खणावा, बुरूज बांधावे, आणि किल्ली दरवाज्यालाच टांगून ठेवावी, असा हा प्रकार. म्हणून त्या दिवशीं आम्हीं पहिल्या प्रथम तो शब्द बदलला, वायफायसाठीं डब्ल्यूपीए२ ही कुलुपाची रीत निवडली, आणि दोन्ही शब्द वहींत लिहून ठेविले. वहीचें महत्त्व मुद्दाम सांगतों, कारण पेटीच्या मागें एक बारीक छिद्र असतें. त्यांत कोणा उद्योगी बालकानें टांचणी दाबून धरली कीं सारी मांडणी पुसली जाते. वीज गेल्यानें ती जात नाहीं, टांचणीनें जाते.

पालक म्हणतील, “मास्तर, एवढा खटाटोप कशाला ? माणूस येतो, करून जातो.” तो आला नाहीं तर काय होतें तें वर सांगितलेंच. कंपन्यांची बाजूहि मी जाणतों. कांहीं वायफायच्या चकत्या लिनक्सशीं अजून फटकून वागतात. आणि नव्या फायबरच्या कित्येक पेट्यांची मांडणी कंपनी दुरूनच करते, ग्राहकास ती बदलूं देत नाहीं. दहा तऱ्हेचीं यंत्रें सांभाळण्यापेक्षां एकच सांभाळणें त्यांना सोयीचें आहे. पण “आम्हांस येत नाहीं” आणि “चालत नाहीं” हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिलें म्हणावयास लाज कसली ?

केरळांतील सरकारी शाळा कित्येक वर्षें लिनक्सवरच संगणक शिकवीत आहेत. तेथील मुलें कांहीं आकाशांतून पडलेलीं नाहींत. आपल्या शाळेनेंहि एक जुना राउटर वर्गांत टेबलावर ठेवावा, आणि नववीच्या प्रत्येक मुलामुलीनें तो एकदां पुसून पुन्हां मांडून दाखवावा, अशी माझी सूचना आहे. एका तासिकेचें काम. पालकांनीं तार घेतेवेळींच ग्राहकनाम व परवलीचा शब्द कागदावर मागून घ्यावा; न दिल्यास पावती हातीं येईपर्यंत पैसे देऊं नयेत.

शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच रात्रीं गेला. त्यानंतर मुलानें आईस संगणकावरून हांक मारली. फडावरच्या कोपीपुढें ती मोबाइल धरून बसली होती. आजी पडद्याजवळ सरकून सुनेचें तोंड पाहत राहिली, आणि मग माझ्याकडे वळून तिनें विचारिलें, “मास्तर, रात्रीं निजतांना हा दिवा मालवायचा, कीं जळूं द्यायचा ?”