हिशेब गावासमोर वाचला जावा

पाणी, रेशन, जमीन आणि मजुरी यांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते : ‘आमचे म्हणणे कोणी छापत नाही.’ तक्रार रास्त आहे. जाहिरातींच्या गर्दीत मजुरांच्या थकलेल्या वेतनाला जागा मिळणे कठीणच. परंतु लोकांपर्यंत जाण्याचा मार्ग वृत्तपत्राच्या कचेरीतूनच सुरू होतो काय, याचा विचार व्हावा, असे आम्हांला वाटते.

राजस्थानातील मजुरांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन केले. दुष्काळी कामांवर मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते आणि कामाच्या नोंदी सरकारी कपाटात बंद होत्या. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांच्या नावावर मजुरी उचलली होती, त्यांतील काहींनी त्या कामावर पाऊलही ठेवले नव्हते. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यालाही भ्रष्टाचार म्हणजे काय हे त्या दिवशी नावानिशी कळले.

पुढे एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. गाणी आणि कठपुतळ्या यांतून मागणी बाजारपेठेपर्यंत पोहोचली. शहरवासीयांनी आंदोलकांना मदत केली. ‘जनसत्ता’चे संस्थापक संपादक प्रभाष जोशी तेथे गेले व त्यांनी या लढ्याच्या बाजूने लेखणी चालवली. म्हणजे आधी गाव उठले, मग शहर जागे झाले आणि त्यानंतर वृत्तपत्र आले. या प्रवासाच्या अखेरीस देशाला २००५ चा माहिती अधिकार कायदा मिळाला.

या क्रमातच संदेशाचे बळ आहे, असे आमचे मत आहे. केवळ आरोप केला, तर त्याला प्रत्यारोपाने उत्तर मिळते. कागद वाचून दाखवला, तर उत्तर द्यावे लागते. शिवाय कार्यकर्ता स्वतः बोलत राहिला की लोक श्रोते होतात. त्याने कागद लोकांच्या हाती दिला की लोक साक्षीदार होतात. पत्रकाराला बातमी हवी असते, आणि ती साक्षीदारांपाशी असते.

आज नेमके हेच साधन बोथट होण्याची भीती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (१) (जे) मध्ये बदल केला असून तो नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. वैयक्तिक माहिती नाकारण्यास पूर्वी ज्या अटी होत्या, त्या या कलमातून गेल्या आहेत. खासगी जीवनाचे रक्षण व्हायलाच हवे. पण हजेरीपटावरील नावही ‘वैयक्तिक’ ठरले, तर कोट किरान्यातील सुनावणी पुन्हा कशी होणार? व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद असलेले कलम ८ (२) मात्र अद्याप शाबूत आहे. प्रत्येक अर्जात व अपिलात कार्यकर्त्यांनी त्याचा आधार घ्यावा.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांविषयी काढलेल्या आदेशपत्रात समाजाचा माहितीचा हक्क मान्य केला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जागतिक संपर्कदिनासाठी ‘या आणि पाहा’ हे सूत्र निवडले आणि बातमीदारांनी कचेरीतून उठून माणसांना जिथल्या तिथे भेटावे, असे आवाहन केले.

हे आवाहन आपल्या धर्मग्रामांनाही लागू आहे. आपल्याकडे सभागृहे आहेत, नियतकालिके आहेत, दर रविवारी एकत्र येणारा समाज आहे. धर्म-जातीचा भेद न करता, गावाचा हिशेब वाचायला आलेल्या कार्यकर्त्यासाठी त्या सभागृहाचे दार उघडावे आणि आपणही ऐकायला बसावे. जे गाव आपला हिशेब स्वतः ऐकते, त्याचा आवाज फार काळ दाबून ठेवता येत नाही.