नंदगडचा विद्यार्थी आणि संज्ञांचा अडसर

२०२१पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्यास अखिल भारतीय परिषदेची मुभा आहे. पुण्यात संगणक शाखेचा असा वर्गही निघाला. नंदगडच्या मराठी शाळेतील विद्यार्थ्याला मात्र बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात ॲनालॉग व डिजिटल संदेशवहन इंग्रजीतूनच शिकावे लागते. दूरध्वनीवरील आवाज ३४०० हर्ट्झपर्यंत मर्यादित करून सेकंदाला ८००० वेळा मोजतात. प्रत्येक मोजमापास ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. मोजणीचा वेग वारंवारतेच्या दुपटीहून अधिक का, हे मराठीत सहज उमगते. ‘सॅम्पलिंग’, ‘क्वांटायझेशन’ या अपरिचित संज्ञांपाशी तेच आकलन अडखळते. यावर द्विभाषिक संज्ञाकोश आणि पहिल्या वर्षी मराठीतून पूरक तास, एवढी तरतूदही पुष्कळ ठरेल. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. परीक्षेचे वेळापत्रक निकालाची वाट पाहत नाही.